ढोलसड्यापाशी

भाषण ऋता दामलेनं लिहिलं होतं आणि ते चांगलं उतरलं होतं, हीच अडचण होती. सारिका ढेबेनं ते उभ्या उभ्या वाचलं आणि शेवटच्या वाक्यापाशी थांबली.

'ही गाडी गेल्या श्रावणात असती, तर माझे बाबा आज इथं पहिल्या रांगेत बसलेले असते.'

"जड जातंय का?" ऋतानं विचारलं. ती कंपनीचा प्रसिद्धी विभाग बघायची. "तसं असेल तर निवेदकाच्या तोंडी देते. पण तुझ्या तोंडी ते जास्त..." ती मध्येच थांबली. "सॉरी गं. आमच्या खात्यात असलं बोलायची सवय लागते."

"वाक्य चांगलं आहे. खरं आहे का ते बघून सांगते."

ऋता हसली. आजवर तिनं लिहिलेली वाक्यं लोकांनी लांब आहेत, गोड आहेत, महाग आहेत म्हणून परत केली होती. तपासून सांगते असं कुणी म्हटलं नव्हतं.

सारिकानं कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि ती चाकणच्या त्या लांबलचक शेडमधून आपल्या जागेकडे निघाली. मधल्या चौथऱ्यावर गाडी उभी होती. सहा चाकं, बुटकं अंग, ओल्या कातळाचा रंग आणि पुढे निघालेलं चपटं नाक. नाव घोरपड. दिवाळी उलटली की पुढच्या आठवड्यात तिचं उद्घाटन होतं, आणि तेही कुठल्या हॉटेलच्या लॉनवर नाही, तर सह्याद्रीतल्या ज्या धनगरवाड्यात सारिकाचा जन्म झाला त्या कुसरटेकच्या चढणीवर. जागा सारिकानंच सुचवली होती, बाबा असताना. तळवट गावातून वर कुसरटेकला रस्ता नव्हता आणि होण्याचं चिन्हही नव्हतं. उद्घाटन नीट पार पडलं तर पहिली गाडी कुसरटेकलाच ठेवायची, असं कंपनीनं कबूल केलं होतं. सारिकाला एवढंच हवं होतं. त्या वाटेवरून पुन्हा कुणाला झोळीत घालून खाली आणायची वेळ येऊ नये.

डोंगरात गाडी अडते ती ताकद कमी पडल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा ती अडते पुढची जमीन कशी आहे हे न कळल्यामुळे. गवताची दोन मैदानं वरून सारखी दिसतात. एकाखाली कातळ असतो, दुसऱ्याखाली कमरेएवढा चिखल, आणि कॅमेऱ्याला दोन्हींत फरक कळत नाही. घोरपड जमीन वाजवून बघायची. पुढच्या बाजूला खाली एक जड ठोकळा बसवला होता, तो जमिनीवर ठोके द्यायचा. ठोक्याच्या लहरी मातीतून पुढे धावायच्या, आणि गाडीच्या नाकातून निघालेला लेझरचा किरण काही पावलं पुढची माती किती थरथरली ते टिपत जायचा. जलद थरथर वरवर राहते, संथ थरथर खोल उतरते. कुठली किती वेगानं पोचली यावरून खाली किती खोलीवर काय आहे, घट्ट की सैल, ओलं की कोरडं, याचा अंदाज बांधता येतो. माठ घेताना बायका बोटाच्या पेरानं वाजवून बघतात, त्यातलाच हा प्रकार. एवढंच, की घोरपड हे चालता चालता करायची आणि प्रत्येक चाकाला वेगळा हुकूम द्यायची. तू हवा सोड, तू रुंद हो, तू थांब.

आणि या सगळ्याच्या वर होता नकार. तो सारिकाच्या हातचा. पुढची जमीन भार पेलणार नाही असं दिसलं की गाडी थांबायची, आणि तिला पुढे रेटायला आत एकही बटण नव्हतं. त्यावर वर्षभर वाद झाला होता. माणसाला घाई असते तेव्हाच तो बटण दाबतो, आणि जमिनीला कुणाची घाई समजत नाही, एवढंच सारिका पुन्हा पुन्हा म्हणत राहिली होती. शेवटी मुख्य अभियंता मुजावरसरांनी तिची बाजू घेतली होती.

जागेवर बसून तिनं कुसरटेकची वाट पडद्यावर घेतली. वाटेचं मोजमाप मागच्या उन्हाळ्यातच झालं होतं. त्यावर तिनं श्रावणात बाबा गेले त्या दिवसाचा पाऊस घातला. इतके महिने जे करायचं टाळलं होतं ते करायला एक बोट पुरलं. पडद्यावरची लहानशी घोरपड तळवटहून निघाली, ओढा उतरली, कारवीचा चढ चढली आणि सड्याच्या तोंडाशी थांबली.

सारिकानं पुन्हा चालवून बघितलं. मग आतला भार कमी करून. भार असला की गाडी त्याच जागी थांबत होती.

त्या जागेला वाड्यावरची माणसं ढोलसडा म्हणत. जांभ्या दगडाची ती एक सपाट पट्टी होती, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. जांभा वरून घट्ट असतो, पण त्याच्या पोटातली शाडू पावसाचं पाणी वर्षानुवर्षं धुऊन नेतं आणि आत भुयारं पडतात. वर राहतो तो दगडाचा पापुद्रा. माणसं, म्हशी त्यावरून बिनघोर जातात, भरल्या गाडीचं काही सांगता येत नाही. चालताना पायाखाली ढोलासारखा आवाज येतो. लहानपणी सारिका त्यावर मुद्दाम उड्या मारायची आणि बाबा म्हणायचे, "हळू गं. खाली कुणीतरी निजलंय." याच सड्यावर त्यांच्या भोरी म्हशीनं बिबट्याला शिंगावर घेतलं होतं. ती गोष्ट बाबांनी इतक्या वेळा सांगितली होती, की सारिकाला तो बिबट्या आपण पाहिला आहे असंच वाटायचं. आई ती लहान असतानाच गेली. घरात गोष्टी सांगायला बाबा एकटेच होते आणि ऐकायला ती एकटीच.

मुजावरसर डबा खात होते. तिनं पडदा त्यांच्यापुढे धरला.

"रिकामी जाते?" त्यांनी घास चावत विचारलं.

"पाऊस थांबून आठ-पंधरा दिवस झाले असले तर रिकामी जाते. आत माणसं असली की नाही."

"किती कमी पडतं?"

"थोडं."

"मग एका दिवसापुरती मर्यादा खाली घे. मंत्री येणार, कॅमेरे असणार. त्यांच्यासमोर गाडी थांबली तर पुढच्या महिन्यात ही फार्महाऊसवाल्यांसाठी विकायला काढतील. तुझा वाडा राहील बाजूला. आपण सुरक्षिततेसाठी भरपूर जागा ठेवलीय, तुलाही माहीत आहे."

"आत तुम्ही बसाल, सर?"

मुजावरसरांनी आपल्या पोटाकडे बघितलं. "मी बसलो तर मर्यादा आणखी खाली घ्यावी लागेल." मग ते हसायचे थांबले. "तूच ठरव. नकार तुझा आहे. मी सही करीन."

*

ठरवण्याआधी तिनं एकदा जमीन स्वतः बघायचं ठरवलं. निदान स्वतःला तिनं तसं सांगितलं. दोन दिवसांनी ती तळवटला उतरली आणि सकाळीच चढायला लागली. ओढ्याचं पाणी ओसरलं होतं, कारवीखाली सावली होती. ढोलसड्यावर ती लहानपणी चालायची तशीच टाचा न टेकता चालली. पायाखालून तोच आवाज आला.

धाकलू ढेबे गोठ्यापुढे म्हशीच्या अंगावरच्या गोचिड्या काढत होता. तो बाबांचा चुलतभाऊ, सारिकाचा तात्या. शाळा संपल्यावर सारिकाला आपल्या मेव्हण्याच्या थोरल्या पोराला द्यायची असं त्यानं गृहीत धरलं होतं आणि बाबांनी तिला कोल्हापूरच्या वसतिगृहात नेऊन सोडलं होतं. त्या दिवसापासून बाबा, म्हणजे विठू ढेबे, आणि धाकलू ढेबे यांची घरं समोरासमोर असूनही दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

"आलीस? वाट घावली म्हनायची," तात्या मान वर न करता म्हणाला.

"आले, तात्या. बरे आहात?"

"हाय तसाच हाय. ताक पी." त्यानं आत हाक मारून ताक आणवलं आणि तिनं तांब्या तोंडाला लावताच विचारलं, "दांडा कुटं हाय?"

हा प्रश्न येणार हे सारिकाला ठाऊक होतं.

कुसरटेकला झोळीचा दांडा एकच होता. अंजनीच्या लाकडाचा, दोन्ही टोकांना खांदे लागून लागून गुळगुळीत झालेला. कुणी आजारी पडलं की त्याला घोंगडं बांधून झोळी करायची आणि घरटी एका गड्यानं खांद्याला यायचं. भांडण असो, सुतक असो, यायचंच. एका गड्याला मात्र खांदा द्यायचा नसे. त्याला बोलका म्हणत. त्यानं आजाऱ्याच्या उशाशी चालायचं आणि तळवट येईपर्यंत बोलत राहायचं, आजाऱ्याचा डोळा लागू द्यायचा नाही. बोलक्याची पाळी घरांवरून ठरलेली असे, त्यात निवड नव्हती. आजारी माणूस बरा झाला तर दांडा झोळीबरोबरच वर यायचा. तो गेला, तर खांदेकरी दांडा खालीच ठेवून यायचे, आणि दिवस झाले की गेलेल्याच्या घरच्यांनी तो खांद्यावर घेऊन वर आणायचा. तो येईपर्यंत वाटेत काय बोलणं झालं ते बोलक्यानं कुणाला सांगायचं नाही. आणि दांडा आलाच नाही तर वाडा एक दिवस नवा तोडायचा. नवा दांडा तोडला म्हणजे ते घर वाड्यातून उतरलं.

श्रावणात बाबांना छातीत कळ आली तेव्हा बोलक्याची पाळी धाकलू ढेब्याची होती. सारिका चाकणला होती. ती तळवटला पोचली तोवर सगळं संपलं होतं. झोळी उतरल्यावर ओढ्याला पूर आल्यामुळे बाबांना वर नेता आलं नाही, खालीच नदीकाठी दहन झालं. दिवस करून ती तिथूनच परत गेली. दांडा तळवटच्या नाक्यावरच्या दत्तूशेटच्या दुकानामागे उभा राहिला.

"खालीच आहे. दत्तूशेटकडे," ती म्हणाली. "तात्या, मी फोनवर म्हटलं होतं ना, आता दांडा लागणारच नाही. गाडी येतेय. पुढच्या आठवड्यात."

"म्हनली हुतीस."

"मग?"

"मग काय. गेल्या महिन्यात बायजाकाकूला ताप चढला. बेशुद्ध. बाजेवर घालून नेली. चौघांनी चार पाय धरले. कारवीच्या उताराला बाज सटाकली आन् म्हातारीचा हात मोडला. आता बरी हाय. पर मला शिव्या घालती रोज."

"दुसरा दांडा तोडायचा होता."

तात्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. "तोडायचा व्हता म्हनती. विठ्याचं घर मी उतरवू? माज्या हातानं?" तो पुन्हा म्हशीकडे वळला. "मान्सं म्हनत्यात तोडा. म्या म्हनलं, पोरगी शिकल्याली हाय, इसरली असंल, दिवाळीपातूर बघू. दिवाळी झाली."

सारिकानं तांब्या खाली ठेवला. दांडा ती विसरली नव्हती. श्रावणात परत जाताना आणि आज नाक्यावर उतरतानाही तिनं दुकानाकडे पाठ केली होती. तो खांद्यावर घेतला म्हणजे बाबा गेले हे खांद्याला कळणार होतं. गाडी तयार झाली की दांड्याची गरजच संपेल, हे इतकं सोयीचं होतं, की ते आपल्याला सोयीचं आहे हेही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या सोयीपायी बायजाकाकूचा हात मोडला होता.

"बरं, मला गाडीचं सांग," तात्या म्हणाला. "त्यात आजारी मानूस निजतो?"

"हो. बंद केबिन आहे. हादरे लागत नाहीत. नाडी, श्वास, सगळं आपोआप मोजतात."

"आन् बोलका कुटं बसतो?"

केबिनमध्ये आडव्या माणसाची जागा होती, यंत्रांची जागा होती. उशाशी कुणी बसायची जागा नव्हती. ती ठेवावी असं चाकणच्या त्या शेडमध्ये कुणालाच सुचलं नव्हतं, तिलाही नाही.

"बाबा काय बोलले, तात्या?" तिनं एकदम विचारलं. "वाटेत?"

तात्यानं गोचिडी दगडावर ठेवून चिरडली. "दांडा आन. मग सांगतो."

*

चाकणला परतल्यावर तिनं दोन कामं केली. केबिनमधलं एक कपाट काढून आजाऱ्याच्या डोक्याशी घडीची खुर्ची बसवून घेतली. मुजावरसर म्हणाले, "अगं, भार कमी करायचा सोडून वाढवतेस?" ती म्हणाली, "हो." दुसरं काम असं, की नकाराच्या मर्यादेला तिनं हात लावला नाही. मुजावरसरांनी त्याबद्दल विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी तळवटच्या शाळेच्या मैदानात मांडव होता, खुर्च्यांना पांढरी कापडं होती आणि वरची चढण दाखवायला भिंतीएवढा पडदा. मंत्र्यांनी नारळ वाढवला. गाडीच्या नाकाला कुंकू लागलं तेव्हा आतल्या लेझरनं 'अडथळा' म्हणून सूचना दिली आणि एका पोरसवदा अभियंत्याला रुमालानं ते पुसताना बघून मांडवात हशा पिकला. सारिकानं सकाळीच दत्तूशेटकडे जाऊन दांडा बाहेर काढला होता. त्याच्यावर कोळ्याची जाळी होती. दत्तूशेटनं ती फडक्यानं पुसून दिली होती. आता तो दांडा केबिनमधल्या आजाऱ्याच्या गादीवर तिरका पडला होता, एक टोक डोक्याशी, एक पायाशी.

सारिका बोलायला उभी राहिली. खिशात ऋताचा कागद होता. तो तिनं काढला नाही.

"मी इथं असं म्हणणार होते," ती म्हणाली, "की गेल्या श्रावणात ही गाडी असती तर माझे बाबा वाचले असते. मग मी ते तपासून बघितलं. ही गाडी त्या दिवशी ढोलसड्यापाशी थांबली असती. तिथं वाड्यातल्या माणसांना त्यांना खांद्यावर घेऊन सडा ओलांडावा लागला असता. पुढची वाट गाडीनं खूप लवकर कापली असती, आणि ते वाचले असते की नाही, मला माहीत नाही. आजही गाडी तिथं थांबेल. बिघडली म्हणून थांबणार नाही. खाली पोकळ आहे हे तिला कळतं म्हणून थांबेल. मी तिला तसंच शिकवलंय. ज्या गावाला ही गाडी जाईल त्या गावानं आपला झोळीचा दांडा मोडू नये, एवढं मला सांगायचं होतं."

टाळ्या वाजल्या, पण उशिरा आणि तुरळक. मंत्री शेजाऱ्याकडे वाकून काहीतरी विचारत होते. मुजावरसर मात्र हातांची घडी घालून जमिनीकडे बघत होते, आणि त्यांच्या मिशीत हसू होतं की काळजी, हे एवढ्या लांबून कळत नव्हतं.

व्यासपीठाच्या पायरीशी ऋता उभी होती. "माझं वाक्य कापलंस," ती हळूच म्हणाली.

"लांबवलं."

"लांब वाक्यं लोक ऐकत नाहीत." मग तिनं सारिकाच्या ओढणीचं टोक सारखं केलं. "काहीकाही ऐकतात. जा आता."

सारिका घडीच्या खुर्चीवर बसली, दांड्याच्या उशाशी. दार लागलं आणि घोरपड निघाली. चालवायला कुणी नव्हतंच. पुढचा ठोकळा जमिनीवर वाजत होता, ठक, ठक, म्हातारा माणूस काठी टेकत चालावा तसा. ओढ्यात चाकं पसरट झाली, पाणी दाराखालपर्यंत आलं आणि ओसरलं. कारवीच्या चढाला नाक आभाळाकडे झालं तरी दांडा गादीवरून घसरला नाही, फक्त सारिकानं नकळत त्याच्यावर हात ठेवला होता. इथंच बाज सटकली होती. इथूनच पावसात बाबांना उतरवलं होतं. ज्या वाटेला माणसाला अर्धी सकाळ लागते ती चहा थंड व्हायच्या आत मागे पडली. तिला अभिमान वाटला, आणि त्याच जागी दुखलंही. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे तिनं पुस्तकांतून अनेकदा वाचलं होतं, पण वाचताना ते सोपं वाटलं होतं.

सड्याच्या तोंडाशी ठोक्यांचा आवाज बदलला. खाली कुणीतरी प्रत्युत्तर देत असल्यासारखा. गाडी दोन वेळा थांबली, डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, आणि मग उभी राहिली. समोरच्या काचेवर एकच शब्द उमटला: नकार.

खाली मांडवात आता काय चाललं असेल, हे तिच्या मनात आलं आणि गेलं. वर आभाळात कॅमेऱ्याचा भुंगा घुमत होता. सड्याच्या पलीकडे कुसरटेकची माणसं उभी होती. गळ्यात हात बांधलेली बायजाकाकू सगळ्यांच्या पुढे होती.

"थांबली गं बया!" ती ओरडली. "म्हशीवानी शहाणी हाय की!"

सारिका खाली उतरली. दांडा ओढून बाहेर काढला आणि मधोमध खांदा लावायला बघितला. तो दोन्ही टोकांना दोघांनी उचलायचा दांडा होता. एकटीच्या खांद्यावर तो तराजूसारखा झुलायला लागला, पुढचं टोक जमिनीवर आपटलं आणि सडा ढोलासारखा वाजला. तिनं पुन्हा उचलला. पुन्हा झुलला. गेलेल्याच्या घरी दोन माणसं उरलेली असणार, असं धरूनच ही रीत कुणीतरी पाडली होती.

धाकलू ढेबे पलीकडून चालत आला. सावकाश, चप्पल काढून हातात घेतलेली. रीतीप्रमाणे वाड्यातल्या कुणी पुढे यायचं नसतं, दांडा घरच्यांनीच आणायचा असतो. मागून कुणीतरी त्याला तसं म्हणालंही. त्यानं मान वळवली नाही.

"मागं हो," तो सारिकाला म्हणाला. "पुढचं टोक माजं. चुलता म्हंजे घरचाच की."

दोघांनी दांडा खांद्यावर घेतला. मध्ये झोळी नव्हती, तरी लाकूड तिला वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. खांद्याच्या जागी लाकडाला पडलेल्या खाचेत तिचा खांदा बरोबर बसला. ती रडली नाही. पाय पुढे टाकला.

"आता सांगा," ती म्हणाली.

पायांखाली सडा वाजत होता.

"काय सांगू," तो पुढे बघत म्हणाला. "झोळी उचलली आन् मला बोलायचं व्हतं. इतक्या वर्सांनी काय बोलायचं? त्यो वर बघतोय, मी खाली बघतोय. तोंडाला काय येईना. मग म्या म्हशींची नावं घ्याया लागलो. ल्हानपनापासनंच्या. राणी, बुटकी, सावळी. त्याच्या बापाच्या, माज्या बापाच्या. हिच्या पोटची ती, तिच्या पोटची ही. त्यो डोळं मिटून पडलेला. हितं आलो, ह्याच सड्यावर, तवा म्या म्हनलं, चंद्री. हितंच बिबट्या शिंगावर घेतल्याली चंद्री. तर विठ्यानं डोळं उघडलं."

"आणि?"

"म्हनला, भोरी."

सारिकाचा पाय क्षणभर थांबला आणि दांडा हिसकला.

"चाल की. म्या म्हनलं, चंद्री रं. त्यो म्हनला, भोरी. सबंद वाट आमी भांडलो. खांदेकरी हसाया लागले. श्वास लागत व्हता तरी गडी सोडंना. म्हनला, तुला काय दिसलं, तू तर झाडावर चढला व्हतास. ते खरं हाय. झाडावर व्हतो मी." तात्याचा आवाज थोडा खाली आला. "तळवट दिसाया लागलं तवा माज्या हाताला धरलं त्यानं. म्हनला, भोरी म्हन एकदा. म्या म्हनलं, बरं बाबा, भोरी. मग गप झाला. तेवढंच. दुसरं काय बोलनं झालं न्हाय."

सडा संपत आला होता. पुढे गवत होतं, गवतात माणसं, माणसांमागे दोन समोरासमोरची घरं. मागे, रिकाम्या झालेल्या घोरपडीनं पुन्हा ठोका दिला. पुन्हा एक. मग ती हळूहळू, चाकं पसरून, माणसांच्या मागोमाग सड्यावर चढली.

"पर म्हैस चंद्रीच व्हती," तात्या म्हणाला. "तुला खरं म्हनून सांगतो."

"भोरी होती, तात्या."

तात्या थांबला. सारिकाला वाटलं, आता तो रागावणार. त्यानं फक्त दांडा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. तिनंही घेतला.

"झालं," तो म्हणाला. "आता घरापातूर भांडन."